जिवाणूंची बाटली घ्यायची का उकिरडा सुधारायचा? तुमच्या प्रश्नांची उत्तरं

राम राम मंडळी. खरिपाच्या तोंडावर एकाच विषयावर बरेच प्रश्न आलेत म्हणून एकत्रच लिहितो. एका दादांना कंपनीचा माणूस सांगून गेला की तुमची जमीन मेलीये, आमचं कल्चर (जिवाणूंचं विरजण) सोडल्याशिवाय शेणखतसुद्धा लागू होणार नाही. दुसऱ्या एकांना युरियासोबत बायोस्टिम्युलंटची (पिकाची वाढ सुधारते म्हणून विकतात त्या द्रावणाची) बाटली जबरदस्तीने घ्यावी लागली. आणि एक ताई विचारतायत की उद्या कंपन्यांनी जिवाणूंचं पेटंट घेतलं तर घरच्या कंपोस्टवर पण पैसे मागतील का.

दादा, जमीन मेली असती तर बांधावर एवढं गवत उगवलं असतं का? जिवाणू तुमच्या रानात आहेतच, पण त्यांना खायला सेंद्रिय कर्ब (काडीकचरा, शेण यातला कार्बन) लागतो आणि आपण उसाचं पाचट (वाळकी पानं) पेटवून देतो, सोयाबीनचं भुसकट विकून टाकतो, शेणखत आठवण आली तर टाकतो, मग वरून महागडी बाटली ओतली तरी ते नवीन जिवाणू पण उपाशीच राहणार ना. आधी त्यांच्या जेवणाची सोय करा. ऊस तुटल्यावर हेक्टरी ८ ते १० टन पाचट पडतं, ते सरीत बसवायचं, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं कल्चर टाकून पाणी द्यायचं. युरिया कशाला असं बरेच जण विचारतात. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र कमी, त्यामुळे कुजवणारे जिवाणू नत्र जमिनीतूनच ओढतात आणि मग खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) पिवळा पडतो, म्हणून.

जनावरं कमी असतील तर नाडेप (टाक्यातलं कंपोस्ट) करा. पुसदच्या पांढरीपांडे काकांची पद्धत आहे, १० बाय ६ बाय ३ फुटाचं जाळीदार विटांचं टाकं, त्यात काडीकचरा, माती, पाणी आणि शेण म्हणाल तर साधारण ९० ते १०० किलो, बस. तीन-चार महिन्यात खत तयार. कच्चं शेण मात्र रानात नेऊ नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी फुकटात घरी आणाल.

म्हणजे विकतचं सगळं खोटं असं मी म्हणत नाहीये. रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर (हवेतलं नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू), पीएसबी (जमिनीतलं स्फुरद मोकळं करणारे जिवाणू) ही चांगली कामाची आहेत, आपली कृषी विद्यापीठं स्वस्तात देतात, परभणी विद्यापीठाचं बायोमिक्स (उपयोगी जिवाणू-बुरशींचं मिश्रण) तर हळदवाल्यांना माहितीच असेल. पण लेबल वाचा. सरकारच्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे (खतांचा दर्जा ठरवणारा नियम) या जिवाणू खतात पावडर असेल तर ग्रॅमला किमान ५ कोटी आणि लिक्विड असेल तर मिलीला किमान १० कोटी जिवंत जिवाणू पाहिजेत, शिवाय जिवाणूचं नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी. नुसतं "माती संजीवनी" टाइप काहीतरी लिहिलेलं असेल तर खाली ठेवा. ह्युमिक अॅसिडचं (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातल्या आम्लाचं) काळं पाणी म्हणजे जिवाणू नव्हेत हे पण लक्षात घ्या. आणि फवारल्यावर दोन दिवसात पीक हिरवंगार झालं तर खूश होण्याआधी त्यात नत्र किती आहे ते बघा, कारण जिवाणू एवढ्या घाईत काम दाखवत नाहीत. तरी घ्यायचंच असेल तर चार सरी न टाकता सोडा, खत-पाणी सगळीकडे सारखं द्या आणि उतारा वेगळा मोजा. कंपनीच्या डेमो प्लॉटवर बहुतेक वेळा हे तुलनेचं रानच नसतं.

आता लिंकिंग, म्हणजे खतासोबत दुसरी वस्तू घ्यायला भाग पाडणं. बायोस्टिम्युलंट २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आले, त्याआधी बाजारात कुणाचाच धरबंध नव्हता. युरिया-डीएपीसोबत बाटली गळ्यात मारू नका असं जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सगळ्या राज्यांना पत्रच पाठवलंय. पक्कं बिल मागा, बाटली त्यात वेगळी लिहायला लावा आणि पंचायत समितीच्या किंवा तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. तोंडी सांगून काही होत नाही, दुकानदार सरळ नाही म्हणतो. बिचाऱ्यावर पण कधी कधी वरून दबाव असतो, कंपनी त्याला माल तसाच देते, पण म्हणून भुर्दंड तुम्ही का सोसायचा.

ताई, तुमची भीती अगदीच हवेतली नाही. कडुलिंबाच्या तेलापासून बुरशीनाशक करायच्या पद्धतीवर अमेरिकेची ग्रेस कंपनी आणि तिथल्या कृषी खात्याला १९९४ मध्ये युरोपात पेटंट मिळालंच होतं, आपल्याकडून लोक भांडले तेव्हा २००० मध्ये ते रद्द झालं आणि २००५ मध्ये अपील पण फेटाळलं. पण आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३(क) प्रमाणे निसर्गात सापडलेल्या जिवंत गोष्टीवर पेटंट मिळत नाही, फक्त शोधून काढली म्हणून ती कुणाची होत नाही. प्रयोगशाळेत बदल केलेल्या जिवाणूवर मात्र मिळू शकतं. तुमच्या खड्ड्यातले जिवाणू, शेणस्लरी, जीवामृत याला कुणाची परवानगी लागत नाही, बिनधास्त करा, फक्त खड्ड्यावर सावली ठेवा आणि ओलावा एवढा की मूठ दाबली तर एखाद-दुसरा थेंब यावा.