चुलते हरले तरी पुन्हा दावा लावतात, कोर्ट त्यांना रोखू शकतं का?

देवगडजवळ वाटणीत आलेल्या कलमांच्या बागेवरून चुलत्यांनी चौथा दावा लावलाय, आधीचे तिन्ही गेले, आता त्यांना कोर्टाची पायरीच चढू न देण्याची काही सोय आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी सिंधुदुर्गात वकिली करतो, असल्या भाऊबंदकीवरच आमची निम्मी चूल पेटते.

सोय आहे. ऊठसूट त्रासदायक दावे लावणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा आहे. हायकोर्टाची खात्री पटली तर त्या माणसाला परवानगीशिवाय नवा दावा किंवा फौजदारी केस करता येत नाही, चालू असलेल्यांनाही परवानगी लागते. मुंबईबाहेर ती जिल्हा न्यायाधीश देतात. मात्र हा अर्ज तुम्ही करायचा नसतो, राज्याच्या महाधिवक्त्यांनी (सरकारच्या सर्वोच्च वकिलांनी) करायचा असतो. एका बागेच्या भांडणासाठी ते हलतील, ही आशा मी तरी धरणार नाही.

त्यापेक्षा आधीचे तीन दावे कसे गेले ते बघा. पुरावा होऊन निकाल लागला असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ चा पूर्वन्याय, म्हणजे एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा चालत नाही. वादी गैरहजर म्हणून काढला असेल, किंवा त्यांनीच परवानगी न घेता मागे घेतला असेल, तरी त्याच कारणावर नवा दावा चालत नाही. म्हणून तिन्ही वादपत्रांच्या आणि निकालांच्या सर्टिफाइड नकला काढा आणि ‘दाव्यास कारण’ हा परिच्छेद शेजारी ठेवून वाचा. बहुतेक वेळा मजकूर तोच असतो, गडगा (दगडी कुंपण) पाडल्याची तारीख तेवढी बदललेली. पूर्वन्यायासाठी ऑर्डर ७ रूल ११ चा, म्हणजे वादपत्र सुरुवातीलाच फेटाळा असा, अर्ज टाकायची घाई नको. त्यात फक्त वादपत्र बघतात आणि जुना निकाल तपासावा लागेल म्हणून तो बहुधा फेटाळला जातो, असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलंय. त्याऐवजी पूर्वन्यायाचा प्राथमिक मुद्दा, म्हणजे सगळ्यात आधी ठरवायचा प्रश्न, काढून मागा.

कैफियतीत (दाव्याला तुम्ही देता त्या लेखी उत्तरात) ‘दावा खोटा व त्रासदायक आहे, हे वादीस माहीत आहे’ हे वाक्य हवंच. ते नसेल तर कलम ३५अ ची भरपाई मिळत नाही. मिळाली तरी जास्तीत जास्त ३,००० रुपये, एवढ्यात आंब्याच्या चार पेट्या येतील की नाही कोण जाणे!

खरं नुकसान होतं ते निशाणी ५ च्या मनाई अर्जाने, म्हणजे दाव्यासोबत टाकलेल्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जाने. एप्रिलअखेर दावा, एकतर्फी मनाई, लगेच मे महिन्याची सुट्टी, आणि आंबा झाडाखाली. यावर कॅव्हेट टाका, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज कोर्टात आधीच देऊन ठेवा. ते ९० दिवसच चालतं, म्हणून मार्चच्या सुरुवातीला दाखल करा आणि चुलत्यांना नोटीस नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टाने (रजिस्टर पोस्ट २०२५ पासून त्यातच विलीन झालंय) पोचपावतीसह पाठवा. स्वतःच्या नावाने दावा लावायचा नसेल तर चुलते मुलगे पुढे करतात, तेव्हा कॅव्हेटमध्ये त्यांचीही नावं घाला.

आत्या हिस्सा मागत असतील तर मात्र त्यांना या माळेत ओवू नका, तो दावा त्रासदायक ठरत नाही.