साचा एक, किमती तीन

अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी भोसरीच्या शेडमध्ये तू बनवलेलं पिनबॉलचं मशीन खेळलो. फ्लिपर, म्हणजे गोळी उडवणाऱ्या दांड्या, झकास जमलेत. उजव्या रॅम्पवरून, म्हणजे चढावावरून, मात्र गोळी अर्ध्यातूनच परत येते, आणि दर वेळी तू काच सरकवून तिला बोटानं ढकलत होतास. तेवढं आधी नीट कर. मला बोलायचंय ते तू ठेवून गेलेल्या कागदाबद्दल. पहिल्याच वर्षी चार मशिन्स, प्रत्येकाची पेटी वेगळी, बोर्ड वेगळा? अरे, हे चार कारखाने झाले.

शिकागोजवळची स्टर्न कंपनी बघ. 1999 साली विल्यम्स या मोठ्या कंपनीनं पिनबॉलमधून अंग काढून घेतलं, त्यानंतर बरीच वर्षं मोठ्या प्रमाणावर पिनबॉल काढणारी ही जवळजवळ एकटीच उरली होती. त्यांचा एक विषय तीन रूपांत निघतो: प्रो, प्रीमियम, लिमिटेड एडिशन. पेटी, बोर्ड, खेळाची मांडणी बहुतांशी तीच. प्रोमध्ये नुसता उभा असलेला पुतळा प्रीमियममध्ये हलतो, कधी गोळी गिळतो. लिमिटेडमध्ये खेळ बहुधा प्रीमियमचाच, वर नंबराची पाटी आणि आरशासारखी चकचकीत बॅकग्लास, म्हणजे माथ्यावरची चित्राची काच. अलीकडे प्रो सुमारे 7 हजार डॉलरला, तर लिमिटेड 13 हजारांच्या आसपास. प्रो घेतो बारवाला. त्याला गल्ल्याचा हिशेब कळतो, आणि हलणारं जितकं कमी तितकी मेकॅनिकची फेरी कमी. लिमिटेड जाते शौकिनाच्या घरी. 1992 च्या 'अ‍ॅडम्स फॅमिली' या सिनेमावरच्या पिनबॉलची वीस हजारांवर मशिन्स गेली, तेव्हा मुख्य गिऱ्हाईक गल्लेवाला होता. आता घरचं गिऱ्हाईक वाढलंय, म्हणून तर पाटीला किंमत आली.

मल्टिमॉर्फिक कंपनीवाले पेटी एकदाच विकतात, पुढचा खेळ घ्यायचा तर प्लेफील्डचा, म्हणजे गोळी धावते त्या फळीचा, मागचा भाग बदलायचा. कल्पना मला फार आवडते, पण पहिली पेटी विकणंच अवघड. तुला जवळचा वाटेल तो विस्कॉन्सिनमधल्या बेंटन गावच्या स्पूकी या छोट्या कंपनीचा रस्ता. त्यांनी पहिलं मशीन काढलं 150 नगांचं, तेही स्वतःच्या भुताखेतांच्या विषयावर. सिनेमाचं नाव लावलं की रॉयल्टी आली, आणि प्रत्येक चित्र मंजूर करून घेणं आलं. तू ढोल-ताशावर कर की! त्याची रॉयल्टी मागायला कोण येणार?

आता अ‍ॅडव्हान्स. या धंद्यात आगाऊ पैसे घेऊन मशीन न देताच बुडालेले एकाहून जास्त आहेत, आणि ते सगळे काही लबाड नव्हते. मीही एकदा दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या अ‍ॅडव्हान्समधून पहिल्याचं मशीन पुरं केलं, मग तिसऱ्याच्या पैशातून दुसऱ्याचं. चौथं गिऱ्हाईक आलंच नाही. काकूच्या पाटल्या गहाण पडल्या. तिनं तो विषय आजवर काढलेला नाही, आणि तेच जास्त लागतं. म्हणून अ‍ॅडव्हान्सचं खातं वेगळं काढ, आणि ज्या मशीनचे पैसे आलेत त्याच्याच कॉइल, त्याचंच वायरिंग त्यातून घे. त्यातून भाडं भरायची वेळ आली तर मला फोन कर, नवीन बुकिंग घेऊ नकोस.

कागदावरची तीन मशिन्स खोडून पाठवतोय. उरलेल्या एकाचे प्रो आणि लिमिटेड असे दोन भाव काढून आण. रॅम्पही घेऊन ये. गुरुवारी नको, लाइट नसते.

तुझा,
काका