सेकंड-हँड नाव

प्रिय रघुनाथ,

रविवारी पोर्ट्समथच्या गोदीतून परतताना तू विचारलंस, "मला मेलेल्या माणसाचं सेकंड-हँड नाव का दिलंत?" मी रस्त्याकडे बघत असल्याचं सोंग केलं. लागलं होतं, म्हणून. आता सावकाश लिहितो.

आपल्याकडे पणजोबा गेल्यावर घरात मुलगा झाला की बारशाला पुष्कळदा त्यांचंच नाव कानात सांगतात. हयात माणसाचं सहसा ठेवत नाहीत. पणजोबा म्हणजे तुझ्या आजीचे सासरे, आणि सासऱ्यांचं नाव ती तोंडानं घेत नाही. मी लहान असताना त्यांचं पत्र आलं, तर ती पाकीट नुसतं पुढे करायची. तुलाही म्हणूनच ती 'बापू' म्हणते. हे तुला विचित्र वाटतं, मलाही अधूनमधून वाटतं. पण गोदीतल्या ज्या व्हिक्टरी या जुन्या युद्धनौकेच्या तुळईवर तू डोकं आपटून घेतलंस, तिचंही नाव सेकंड-हँडच आहे.

तिच्या आधीची व्हिक्टरी 1744 च्या ऑक्टोबरात इंग्लिश खाडीत सुमारे 1,100 माणसांसकट बुडाली. ती कास्केटच्या खडकांवर आपटली असं सगळे धरून चालले होते. 2008 मध्ये सांगाडा सापडला तो तिथून बराच लांब. नव्या जहाजाचा कणा 23 जुलै 1759 ला चॅटमच्या गोदीत घातला, नाव ठरलं ऑक्टोबर 1760 मध्ये. म्हणजे सव्वा वर्ष बिननावाचंच बांधकाम! बुडालेल्या जहाजाचं नाव नको, अशी कुरकुर तेव्हाही झाली. तरी ठेवलं, आणि 1805 मध्ये ट्राफल्गारच्या लढाईत तेच जहाज ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं होतं. ते आजही ब्रिटिश नौदलाच्या पटावर आहे, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या जहाजाला ते नाव मिळत नाही.

ब्रिटिश नौदल नावापुढे पहिली, दुसरी असं लावत नाही. अभ्यासक कंसात जलावतरणाचं साल लिहितात आणि घोळ तिथंच होतो, कारण पाण्यात उतरणं वेगळं, सेवेत दाखल होणं वेगळं. आर्क रॉयल नावाची चौथी नौका, एक विमानवाहू, पाण्यात उतरली 1950 ला, दाखल झाली 1955 ला. कुठं हे साल सापडतं, कुठं ते, आणि वाचणाऱ्याला दोन जहाजं वाटतात. फोटोत कडेवरचा नंबर बघायचा: चौथी R09, पाचवी R07. पाचवीचं नाव आधी इंडॉमिटेबल ठरलं होतं; चौथी गेल्यावर लोकांनी ओरड केली, म्हणून बदललं. आणि 1914 च्या आर्क रॉयलचं तर जिवंतपणीच नाव काढून घेतलं. 1934 मध्ये तिला पेगॅसस केलं, कारण नवीन विमानवाहू नौकेला ते नाव हवं होतं. असं आपल्याकडे कुणी आजोबांना केलं असतं तर!

नावाबरोबर युद्धसन्मानही पुढे जातात. लढाईचं नाव आणि साल कोरलेली पाटी त्याच नावाच्या पुढच्या जहाजावर लागते, मग ते लाकडी असो की पाणबुडी. हे मला आवडतं. पण ज्या लढाईत आपण नव्हतोच तिचा मान मिरवायचा, यात थोडं फुकटचंही आहे, आणि तुझी तक्रार बहुधा हीच असावी.

अकिलीझ या युद्धनौकेचं बघ. 13 डिसेंबर 1939 ला दक्षिण अमेरिकेजवळ रिव्हर प्लेटला ती एजॅक्स आणि एक्झिटरबरोबर ग्राफ श्पे या जर्मन जहाजाशी लढली. 1948 मध्ये ती भारताला विकली आणि तिची 'दिल्ली' झाली. 1978 ला ती निवृत्त झाली, आणि मुंबईच्या माझगाव डॉकनं बांधलेल्या, 1997 मध्ये सेवेत दाखल झालेल्या विनाशिकेला पुन्हा 'दिल्ली' हेच नाव दिलं. म्हणजे एका जहाजाची दोन नावं, आणि इथं आपल्या नौदलानंही तीच रीत उचलली.

सगळीच नावं परत येत नाहीत, हेही सांगायला हवं. 24 मे 1941 ला हूड ही ब्रिटिश युद्धनौका बुडाली, 1,418 पैकी तिघेच वाचले. त्यानंतर ब्रिटिश नौदलात हूड नावाचं जहाज झालेलं नाही.

आणि ठरलेलं नाव बदलताही येतं. इंग्लंडमधल्या बॅरोला बांधत असलेल्या एजिनकोर्ट पाणबुडीचं जानेवारी 2025 मध्ये राजाच्या संमतीनं नामांतर झालं. नवं नाव? अकिलीझ.

तेव्हा तुलाही बदलायचं असेल तर फॉर्म मी भरतो, खरंच. फक्त आजीला फोन तू करायचास. तसं तिचं काही अडणार नाही म्हणा. ती बापूच म्हणणार.

तुझा,
बाबा