सातबारा आरमध्ये आणि बोली गुंठ्यात: जमिनीचा भाव कोणत्या मापावर ठरवावा?

तुमच्या प्रश्नात सातबाऱ्यावर क्षेत्र 0.40.00 आहे, विकणारा 'एक एकर' म्हणतोय आणि मध्यस्थ सांगतोय, 'आर म्हणजे गुंठाच हो.' भाव सातबाऱ्यावरच ठरवा. आणि आर म्हणजे गुंठा नव्हे, हे आधी पक्कं करून घ्या.

आर म्हणजे 100 चौरस मीटर. गुंठा 33 बाय 33 फुटांचा, 1089 चौरस फूट, म्हणजे 101.17 चौरस मीटर. एका गुंठ्यामागे फरक इतका किरकोळ की कोणी मनावर घेत नाही. पण तुमचा आकडा बघा. पुरता एकर असता तर सातबाऱ्यावर 0.40.47 आलं असतं: शून्य हेक्टर, 40 आर, 47 चौरस मीटर. तुमच्याकडे शेवटी दोन शून्यं आहेत. जवळपास 500 चौरस फूट जमीन कागदावर नाहीच, आणि पैसे मात्र तिचेही मागतायत. रस्त्याला लागून जमीन असेल तर तेवढ्यात एक छोटं घर उभं राहतं.

मी खरेदीखतं लिहून देतो, त्यामुळे हा घोळ नेहमी समोर येतो. तरी गुंठ्यात बोलणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा. त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडची शेतं 33 फुटी साखळीने मोजली गेली. साखळीचे 16 आणे, म्हणजे सोळा भाग, आणि 40 गुंठ्यांचा एकर. बांध त्या मापाने पडले, भावाभावांच्या वाटण्या त्याच मापाने झाल्या. सरकारलाही हा शब्द टाळता आलेला नाही: 2001 च्या कायद्याच्या नावातच 'गुंठेवारी' आहे. वाळू-मुरमाचं तेच, सरकारचं स्वामित्वधन (रॉयल्टी) आजही ब्रासवर, म्हणजे 100 घनफुटांच्या जुन्या मापावर, मोजतात.

सोनाराकडे हा त्रास होत नाही. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा होता, आता दुकानात तोळा म्हटलं की देणारा-घेणारा दोघेही दहा ग्रॅमच धरतात. गुंठ्याचं तसं झालेलं नाही. कोणी 1089 चौरस फूट धरतो, कोणी आर, आणि दोघांनाही वाटतं आपण एकच बोलतोय. पुढचे बांधाचे वाद इथूनच सुरू होतात, म्हणून मी एवढा आग्रह धरतोय.

बोलणी खुशाल गुंठ्यात करा. हिशेब करताना मात्र सातबाऱ्यावरचे चौरस मीटर घ्या आणि 101.17 ने भागा. तुमच्या बाबतीत 4000 भागिले 101.17, म्हणजे 39.54 गुंठे. ठरलेल्या दराला तेवढ्यानेच गुणा. 0.40.00 मध्ये पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) धरलाय की तो वेगळा दाखवलाय, तेही सातबाऱ्यावर बघून घ्या, कारण भाव करताना लोक ते सोयीस्करपणे विसरतात. इसारपावतीतच, म्हणजे आगाऊ रक्कम देताना होणाऱ्या लेखी करारातच, हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये क्षेत्र लिहून घ्या, कंसात हवे तर गुंठे. विकणारा 'पुरता एकर आहे' यावर ठाम असेल तर मोजणी त्याच्या खर्चाने करून मागा, आणि मोजणीचा नकाशा हातात येईपर्यंत इसारापलीकडे पैसे देऊ नका.