सोफा काळा, कुत्रा पांढरा!

प्रश्न: डॉक्टर, आमच्या लॅब्राडॉरचे केस एवढे गळतायत की डब्यातल्या पोळीतपण सापडतात, सासूबाई म्हणतात सरळ मशीन लावून भादरून टाका, करू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नका हो ताई! लॅबला दोन थर असतात, वरचे राठ केस आणि आतली मऊ लव, त्यामुळेच ऊन-पाऊस त्याला सोसतं, आणि भादरलं तरी गळणं थांबत नाही, फक्त आखूड केस गळतात जे सोफ्यात जास्त रुततात. रोज दहा मिनिटं ब्रश करा, बाल्कनीत, पंखा बंद करून. आतली लव निघेल असा अंडरकोट रेक (लांब दातांचा कंगवा) आठवड्यातून एकदोनदा बास, जोरात ओढू नका. आंघोळ महिन्यातून एकदा, कुत्र्याच्याच शाम्पूने, आपल्याने कातडी कोरडी पडते. नुसता दूधभात घालत असाल तर तेही बदला, प्रोटीन हवंच. ऋतू बदलताना गळणं वाढतं, ते नॉर्मल. पण टक्कल पडतंय, सारखं खाजवतोय, वास येतोय तर गोचीड, बुरशी किंवा थायरॉईड असू शकतं, मग ब्रश बाजूला ठेवून दवाखान्यात न्या. गळणं पूर्ण बंद मात्र होणार नाही, सासूबाईंना सांगून ठेवा.