रेशमी अभ्र्याने केसांना आणि त्वचेला खरंच फायदा होतो का?

केसांना होतो, त्वचेला फारसा नाही. रेशमाचा धागा लांब आणि गुळगुळीत असतो, त्यामुळे रात्री कूस बदलताना केस सुती अभ्र्यापेक्षा कमी घासले जातात. गुंता आणि तुटणं कमी होतं. कुरळ्या, कोरड्या किंवा रंगवलेल्या केसांत हा फरक जास्त जाणवतो. मुळापासून होणारी केसगळती मात्र याने थांबत नाही. ‘रेशीम ओलावा शोषत नाही’ हा जाहिरातींतला दावा तर चुकीचाच आहे, उलट ते सुतापेक्षा थोडा जास्त ओलावा धरतं. झोपेतल्या सुरकुत्या चेहरा दाबला गेल्याने पडतात आणि तो दाब रेशमावरही असतोच. मुरुमं येत असतील तर अभ्रा वरचेवर धुणं जास्त महत्त्वाचं. नुसता गुळगुळीतपणा हवा असेल तर पॉलिएस्टरचं सॅटिनही चालेल, फक्त उकाड्यात त्यावर घाम येतो.