बाग-सल्ला : अंजीर, थंडी आणि दिवसांचा हिशेब

प्रश्न : मुलगी टोरोंटोला असते. तिने परसात अंजीर लावलंय. दर हिवाळ्यात वरचं झाड मरतं, मे महिन्यात बुडातून फुटतं, डोक्याच्या वर जातं, सप्टेंबरात फळांनी लगडतं. पण ऑक्टोबरच्या हिमापर्यंत फळं हिरवीच राहतात. इथून पूना अंजिराची काडी पाठवावी का?
– एक वाचक, वाई

उत्तर : काडी पाठवू नका. परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र नसेल तर ती सीमेवरच जप्त होईल. शिवाय दोष जातीपेक्षा वेळेचा आहे. फळ दिसल्यापासून पिकेपर्यंत अंजिराला साधारण 90 ते 120 दिवस लागतात. तेही उबदार हवेचे. गारठा पडला की फळ जागच्या जागी थांबतं. बुडातून फुटलेल्या झाडाला फळ धरायलाच ऑगस्ट उजाडतो. तिथून 90 दिवस मोजले तर नोव्हेंबर येतो. म्हणजे मुलीचं झाड नापीक नाही, उशिरा सुरू होतंय.

त्यामुळे मागच्या वर्षीची काडी जिवंत ठेवणं हेच खरं काम. सोपा मार्ग कुंडीचा. 40 ते 60 लिटरची, तळाला भरपूर भोकं असलेली कुंडी घ्यावी. पानं गळून गेल्यावर ती न तापवलेल्या गॅरेजमध्ये न्यावी. आतलं तापमान 0 ते 7 अंशांच्या दरम्यान राहिलं तर उत्तम. पानं नसल्यामुळे उजेड लागत नाही. पाणी तीन-चार आठवड्यांतून एकदा, तांब्याभर. इथेच बहुतेकांचं चुकतं : झाड वाळलंय असं वाटून लोक पाणी ओततात आणि मुळं कुजतात. नखाने साल खरवडून बघावी. आत हिरवं असेल तर झाड झोपलंय, एवढंच. उलट कुंडी बर्फात बाहेर राहिली तर खोडाच्या आधी मुळं मरतात, कारण चारी बाजूंनी थंडी लागते.

एप्रिलच्या सुरुवातीला कुंडी उजेडाच्या खिडकीशी आणावी. मे महिन्यात हिमाचा धोका टळला की आठ-दहा दिवस सावलीत ठेवून मग उन्हात. एकदम उन्हात नेली तर पानं करपतात. नव्या फांदीला पाच-सहा पानं आली की शेंडा खुडावा. शेंडा थांबला की पानांच्या बेचक्यातली फळं लवकर सुटतात. असं केलं तर फळ जूनच्या मध्यावर दिसतं आणि सप्टेंबरात पिकतं. ऑगस्टमध्ये धरलेली बारकी फळं सरळ काढून टाकावीत, ती पिकणार नाहीत. नत्राचं (नायट्रोजनचं) खत जूनपर्यंतच द्यावं. पुढे दिलं तर काडी कोवळी राहते आणि हिवाळ्यात मरते. दोन-तीन वर्षांनी वसंतात झाड कुंडीतून काढून मुळांचा गड्डा चारी बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर तासावा आणि नवी माती भरावी.

झाड जमिनीतच ठेवायचं असेल तर खोड 25-30 सेंटिमीटरवर तोडून दोन फांद्या जमिनीलगत आडव्या वळवाव्यात. त्यांच्यावर उभ्या वाढणाऱ्या काड्यांना फळ येतं. हिवाळ्याआधी त्या काड्या दोन डोळ्यांवर छाटायच्या, आडव्या फांद्यांवर कोरड्या पाल्याचा जाड थर द्यायचा, वर फळ्या आणि त्यावर ताडपत्री. प्लास्टिक सालीला टेकलं तर आत पाणी धरून बुरशी लागते. बुडाशी जाळी हवी, नाहीतर उंदीर साल कुरतडतात.

नवं रोप घ्यायचं असेल तर तिथल्याच रोपवाटिकेत शिकागो हार्डी, रोंद द बोर्दो किंवा फ्लोरिया मागावं. या जाती लवकर पिकतात.

एक जुनी युक्तीही आहे. फळ वाढून बरेच आठवडे हिरवं आणि टणक राहतं, मग एकदम फुगतं. हा थांबण्याचा काळ संपत आला, म्हणजे नमुन्याला कापलेल्या फळाचा गर आतून गुलाबी दिसू लागला, की तळाच्या छिद्रावर ऑलिव्ह तेलाचा एक थेंब लावतात. फळ साधारण आठवड्याभरात पिकतं. घाईने लावलं तर मऊ होतं, पण गोडी नसते. दोन-तीन फळांवरच करून पाहावं.

प्रश्न : महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या बाजूला दवबिंदू गोठतात. तिथे अंजीर टिकेल का?
– एक वाचक, मेढा

उत्तर : थंडीने मरणार नाही. विश्रांतीतलं मोठं झाड शून्याखालचं बरंच तापमान सोसतं, फक्त कोवळी फूट करपते. महाबळेश्वरात अंजिराचा शत्रू पाऊस आहे. पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि महिनोन्महिने धुकं, म्हणजे तांबेरा या बुरशीच्या रोगाला आमंत्रणच. पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी-पिवळी भुकटी दिसते आणि झाड बोडकं होतं.

पुणे जिल्ह्यातल्या पुरंदरचं मीठा बहाराचं, म्हणजे पावसाळ्यानंतर छाटून उन्हाळ्यापर्यंत फळ घेण्याच्या हंगामाचं, वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी होते. त्याआधी झाडाला ताण लागतो, म्हणजे पाणी तोडावं लागतं, आणि तो पाऊस थांबल्याशिवाय देता येत नाही. पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास छाटावं. त्याहून फार उशीर केला तर जानेवारीच्या गारठ्यात कोवळी फूट सापडते आणि फळही वळवाच्या पावसात येतं. पिकत आलेल्या फळावर वळीव पडला की ते फुटतं, आंबतं आणि मुंग्या लागतात. गारठा आणि वळीव यांच्यामधली खिडकी अरुंद आहे.

जागा तलावाकाठची सखल नको. थंड हवा तिथेच साठते. दक्षिणेकडे उतार असलेली, पाणी न साचणारी जागा निवडा. 60 सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात 15-20 किलो कुजलेलं शेणखत, आणि रोप उंचवट्यावर. तांबडी माती आम्ल असते. तपासणीत सामू (पीएच) 6 च्या खाली आला तर चुना द्यावा. छाटणीच्या जखमांना बोर्डो पेस्ट लावा : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. फवारणीसाठी तेवढ्याच मोरचूद-चुन्याला 100 लिटर पाणी. मिश्रण प्लास्टिकच्या पिंपात करावं, लोखंडी भांड्यात नको. गळलेली पानं गोळा करून जाळा, नाहीतर फवारणी वाया जाते.

आमचा सल्ला विचाराल तर महाबळेश्वरात घरापुरती चार झाडं लावा. पैसे लावायचे असतील तर घाट उतरून वाईकडे या.

प्रश्न : दुकानातल्या सुक्या अंजिराच्या बिया पेरल्या. झाड छान झालंय, पण फळं सुपारीएवढी होऊन गळतात. खत वाढवू का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : खताने काही होणार नाही. बाजारातलं सुकं अंजीर बरेचदा स्मिर्ना प्रकारचं असतं. त्या झाडाचं फळ टिकायला नर अंजिरातून परागकण आणणारी एक बारीक गांधीलमाशी लागते. ती आपल्याकडच्या बागांत नाही, म्हणून फळ गळतं. त्यातही बियांपासून आलेल्या रोपांपैकी निम्म्याच्या आसपास नर निघतात, त्यांचं फळ खाण्यालायकच नसतं. पूना अंजिराला परागीकरण लागत नाही, म्हणून ते आपल्याकडे चालतं.

झाड उपटू नका, खुंट चांगला आहे. जानेवारी-फेब्रुवारीत त्यावर पूना अंजिराचं कलम बांधून घ्या. ते जमणार नसेल तर एक वर्षाची, पेन्सिल ते अंगठ्याएवढ्या जाडीची, चार-सहा डोळ्यांची काडी आणा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घेऊन ती पिशवीत लावा.

प्रश्न : फळं तोडताना हाताला चट्टे येतात, उन्हात ते काळे पडतात.
– एक वाचक, जत

उत्तर : चीक अंगावर असताना ऊन लागलं की असंच होतं. हातमोजे आणि लांब बाह्या घाला, तोडणी सकाळी लवकर उरका, चीक लागला की लगेच साबणाने धुवा. आणि फळ देठासकट, मान झुकल्यावरच तोडा. हिरवं तोडलेलं अंजीर घरी मऊ होईल, पण गोड होणार नाही.